अर्ध्या वर्षात घरी गेलेले मूल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गेल्या महिन्याच्या परिषदेत चहाच्या वेळी एका शिक्षकबंधूंनी मला एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता; परंतु त्याचे उत्तर मला जागच्या जागी देता आले नाही. ते म्हणाले, "साहेब, दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक पालक शाळेत आले आणि म्हणाले, 'मुलाला आता आम्ही घरीच शिकवणार, त्याचा दाखला द्या.' अशा वेळी आम्ही काय करावे? दाखला द्यावा की न द्यावा? नाव पटावर ठेवावे की कमी करावे? आणि ते मूल आमचे राहिले की गेले?" यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या आधाराने बरीचशी देता येतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे असते. महिनाभर मी या विषयाचा विचार केला, आणि आज तोच आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

जूनमध्येच मूल शाळेत न घालणे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात शाळेतून काढून घरी नेणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. जूनमध्ये पालकाने विचार केलेला असतो. वर्षाच्या मध्यावर मूल घरी नेले जाते तेव्हा बहुधा काही तरी घडलेले असते. पुस्तक अर्धे झालेले असते, पहिल्या सत्राचे मूल्यमापन होऊन गेलेले असते, वर्गात मुलाची जागा ठरलेली असते, मित्र झालेले असतात. हे सर्व अर्ध्यावर तुटते. म्हणून असा पालक दारात उभा राहिला, की त्याच्या अर्जाकडे पाहण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे असे मी सुचवीन.

'घरी शिकवू' हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. पण त्यांच्या आड चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि कोणती गोष्ट आहे हे ओळखणे हे आपले पहिले काम आहे.

पहिली गोष्ट अशी, की घरी शिकवणे मुळी नसतेच. घरी काम असते. धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे असते, गुरे राखावयाची असतात, आईबापांबरोबर ऊसतोडीस जावयाचे असते, किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात. गरीब माणूस हे कारण सांगण्यास लाजतो, आणि गुरुजींना बरे वाटावे म्हणून 'घरी शिकवू' असे म्हणतो. येथे दाखल्याचा प्रश्न उद्भवत नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल बरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक देऊन जेथे पाल पडेल तेथील शाळेत त्याला बसवता येते. लग्नाची शंका आली तर 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, आणि वेळीच कळविणे हे आपले कर्तव्य आहे. अशा मुलाला 'घरी शिक्षण घेत आहे' असा शेरा देऊन मोकळे होणे म्हणजे खोटी नोंद करणे होय.

दुसरी गोष्ट आजारपणाची वा अपंगत्वाची. 2009 च्या बालशिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तीनुसार बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या बालकास घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. येथे घरचे शिक्षण ही कोणाची मेहेरबानी नाही, तो त्या बालकाचा अधिकार आहे. त्याचे नाव शाळेच्या पटावरच राहते आणि शिक्षकाने त्याच्या घरी जावयाचे असते. असे मूल आपल्या गावात असेल आणि त्याच्या घरची वाट आपणांस ठाऊक नसेल, तर चूक कोणाची हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट बोलावयास अवघड आहे. कधी कधी मूल घरी जाते ते शाळेत त्याला दुखावले गेले म्हणून. मारले असेलच असे नाही. कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोहोंनाही बंदी केली आहे, आणि छडी आता बहुतेक शाळांतून गेली आहे. परंतु हसणे गेलेले नाही. एखाद्याच्या बोलीला हसणे, कपड्यांना हसणे, अडखळत वाचणाऱ्याला हसणे, हे चालूच असते, आणि आपण ते न ऐकल्यासारखे करतो. मूल घरी जाऊन कारण सांगत नाही. सकाळी पोट दुखते असे म्हणते. आई चार दिवस ओवा देते, पाचव्या दिवशी दाखला मागावयास येते.

आणि चौथी गोष्ट अशी, की पालकांना खरोखरच स्वतः शिकवावयाचे असते. असे पालक पूर्वी शहरातच आढळत. आता खेड्यातही भेटू लागले आहेत. कोणी नोकरी सोडून शेती करावयास गावी परत आलेले असतात, कोणाला शाळेतील शिकवण्याची पद्धत पटत नसते. त्यांच्याशी आपले मतभेद असू शकतात, पण त्यांना अडाणी वा हट्टी समजण्याचे काही कारण नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बालशिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकास शेजारच्या शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क त्याने दिला, आणि 10 व्या कलमाने बालकास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकास शिक्षा सांगितलेली नाही. आता जे अपवाद सांगितले ते सोडले, तर पालकाने स्वखुशीने घरी शिकवण्याविषयी या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. त्यासाठी परवानगीची रीत नाही, नोंदणी नाही, तपासणीही नाही. इंग्लंडमध्ये 1996 च्या शिक्षण कायद्यानुसार मुलास योग्य शिक्षण देणे हे पालकाचे कर्तव्य आहे, आणि ते शाळेत पाठवून अथवा अन्य प्रकारे पार पाडता येते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे; कोठे दरवर्षी परीक्षा घेतात, कोठे साधी सूचनाही द्यावी लागत नाही. जर्मनीत मात्र मुलाने शाळेतच गेले पाहिजे असा दंडक आहे. आपल्याकडे या बाबतीत वाट आखलेली नाही, आणि जेथे वाट आखलेली नसते तेथे वाटाड्यावर अधिक जबाबदारी येते.

तरीही आपल्या हातात काही निश्चित गोष्टी आहेत. पालक दुसऱ्या शाळेत घालण्यासाठी दाखला मागत असेल तर 5 व्या कलमाप्रमाणे मुख्याध्यापकाने तो ताबडतोब दिला पाहिजे. अडवून ठेवल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण दुसरी शाळा ठरलेली नसेल, मूल घरीच राहणार असेल, तर घाईने दाखला देऊन नाव कमी करू नये. पालकास समजावून सांगावे, की नाव पटावर असणे हे मुलाच्या हिताचे आहे. त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे, केंद्रप्रमुखांना कळवावे, आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे. सतत एक महिना गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य गणले जाते, हे आपणांस ठाऊक आहे. 9 व्या कलमाप्रमाणे आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या 14 वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे आणि त्याच्या शिक्षणावर लक्ष ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे तालुक्याची कचेरी नव्हे. त्या गावात जिल्हा परिषदेचा जो माणूस रोज सकाळी जातो, तो शिक्षक म्हणजेच स्थानिक प्राधिकरण होय.

कोणी म्हणेल, घरी शिकवणे ही आपल्याकडची रीतच नव्हे, हे परदेशी खूळ आहे. हे म्हणणे खरे नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, आणि त्या आईला शिकवले होते तिचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी. 1873 साली विवाह होऊन रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाई रानडे न्यायमूर्तींपाशी घरीच अक्षरे शिकल्या. तेव्हा घरात विद्या देता येते याविषयी महाराष्ट्राला शंका नाही. परंतु ती घरे कोणती होती याचाही विचार करावा. ज्या घरात पोथी होती त्या घरातच ती विद्या होती. गावातील बाकीच्या घरांत पोथी नव्हती, आणि ती येऊही दिली जात नव्हती. म्हणूनच 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुल्यांनी किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली सर्व बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात तोच मार्ग धरला. जे घर मुलाला विद्या देऊ शकत नाही त्या घरातील मुलाला ती मिळावी, यासाठी आपली शाळा जन्मास आली. दाखला मागणाऱ्या पालकाचे घर कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहिल्यावाचून होकार वा नकार देणे म्हणजे या इतिहासाशी प्रतारणा करणे होय.

आणि येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही.

1994 साली मी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, मिळून चौसष्ट मुले. चौथीत एक मुलगी होती. गणितात तिची गती विलक्षण होती. मी फळ्यावर भागाकार मांडला, की माझे लिहून होण्यापूर्वी तिचे ओठ हलत. दिवाळीनंतर तिचे वडील आले. म्हणाले, "गुरुजी, पोरीला आता घरीच ठिवतो. तिचा चुलता मॅट्रिक हाय, त्यो शिकवंल." मी फार विचारले नाही. चौसष्टाची त्रेसष्ट झाली, एवढेच माझ्या मनात आले असावे. मी दाखला लिहिला, कारणाच्या रकान्यात 'घरी शिक्षण घेणार' असे सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि मुलीला म्हणालो, "अभ्यास कर हं. मी मधून मधून येऊन तुझी गणिते बघीन." तिचे घर शाळेच्या मागे तीनशे पावलांवर होते. मी गेलो नाही. पुढे माझी बदली झाली.

2017 साली विस्तार अधिकारी म्हणून मी एका शाळेच्या पालक सभेस गेलो होतो. एक बाई उपस्थितीच्या वहीत सावकाश, एकेक अक्षर जुळवून सही करीत होत्या. नंतर हाती दिलेले माहितीपत्रक त्यांनी आपल्या दुसरीतल्या मुलापुढे धरले आणि म्हणाल्या, "वाच रं." सभा संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. मी ओळखले नाही. त्यांनीच ओळख दिली. तीच ती मुलगी. चुलता महिन्याभरात मुंबईला कामाला निघून गेला होता. मी विचारले, "मग अभ्यासाचे काय झाले?" त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही म्हनला हुता, येऊन गणितं बघीन. म्या भागाकार करून पाटी फळीवर ठिवली. तुम्ही बघितल्याबिगर पुसायची कशी? पंधरा दिस तशीच ठिवली. मग आईनं ती पाटी धाकट्याला दिली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या मला चहाला घरी बोलावून निघून गेल्या. पण त्या दिवसापासून मी स्वतःस एक प्रश्न विचारीत आलो आहे. मी तो शब्द दिला नसता तर तिने निदान पाटी पुसली असती, दुसरे गणित मांडले असते. मी गेलो असतो तर पाच मिनिटांचे काम होते. मी एक शब्द दिला आणि तीनशे पावले चाललो नाही. बाकी सर्व कागदोपत्री यथास्थित होते.

या गोष्टीचा उपदेश करण्याची माझी पात्रता नाही. म्हणून त्यानंतर मी काय करू लागलो, आणि आपण काय करू शकाल, तेवढेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावातून तक्रार आली. तिसरीतल्या एका मुलाला आईवडिलांनी डिसेंबरात घरी ठेवले होते. वडील शहरातील नोकरी सोडून शेती करू लागलेले, आई विज्ञानाची पदवीधर. मुख्याध्यापक संतापले होते. त्यांचा संताप मला समजत होता. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावे मूल आले की तिसरा, हे कायद्याच्या परिशिष्टातील कोष्टक आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. संच मान्यतेच्या दिवसांत एक मूल कमी होणे म्हणजे एखाद्या शिक्षकाची बदली. ही भीती खरी आहे आणि ती लपवू नये. पण पालकाशी बोलताना आपण मुलाच्या हिताची भाषा बोलत आहोत की आपल्या पदाची, हे पालकाला लगेच कळते, आणि एकदा कळले की पुढचे बोलणे व्यर्थ जाते.

मी त्या घरी गेलो. पहिल्या दिवशी कायद्याचे नाव काढले नाही. मुलगा ओट्यावर बसून काजव्याचे चित्र काढत होता. त्याच्याशी बोलू लागलो तेव्हा ध्यानात आले, की तो तोतरा बोलतो. वर्गात पाळीपाळीने मोठ्याने वाचन होई; त्याची पाळी आली की मुले खुदखुदत. बाई दुष्ट नव्हत्या. सर्वांना समान संधी द्यावी म्हणून त्या त्यालाही उभे करीत. आई मला म्हणाली, "साहेब, शाळेशी आमचे भांडण नाही. तो रोज सकाळी रडतो, तेवढे थांबवायचे आहे. काय शिकवायचे ते सांगा, मी शिकवीन." मी परत येऊन बाईंशी बोललो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी स्वतःच एक पान लिहून काढले: मुलाला काय येते, कोठे अडते, कोणते पाठ झाले, कोणते राहिले. नाव पटावर ठेवले. मुलगा दर शनिवारी ग्रंथालयाची पुस्तके बदलावयास आणि खेळावयास येऊ लागला. वाचनाची पाळी बाईंनी बंद केली आणि मुलांना जोडीने वाचावयास बसवू लागल्या. जूनमध्ये तो चौथीच्या वर्गात आपण होऊन येऊन बसला. तोतरेपणा गेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण पोट दुखणे थांबले होते.

सर्वच गोष्टी अशा होत नाहीत. दुसऱ्या एका गावी पालकांनी मोठ्या उत्साहाने मुलीला घरी नेले. पहिले तीन आठवडे वेळापत्रक भिंतीवर होते. सहाव्या आठवड्यात शिक्षक गेले तेव्हा मुलगी दहा ते पाच मोबाईल पाहत होती, आणि आईवडील शेतावर. शिक्षकांनी दूषण दिले नाही, एवढेच म्हणाले, "तुमच्याने होत नसेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. उद्या पाठवा, कोणी काही विचारणार नाही." दुसऱ्या दिवशी मुलगी आली, आणि खरोखरच कोणी काही विचारले नाही. त्या शिक्षकांनी परिपाठाच्या आधीच वर्गाला सांगून ठेवले होते. परत येणाऱ्या मुलाचे स्वागत कसे होते, यावर ते टिकणार की नाही हे अवलंबून असते.

तेव्हा, बंधुभगिनींनो, असा प्रसंग आल्यास पुढील क्रम ध्यानी ठेवावा. पालक आल्यापासून तीन दिवसांच्या आत त्यांच्या घरी जावे, आणि शक्य तर मुलाशी स्वतंत्रपणे बोलावे. कारण शाळेत असेल तर शाळेने ते दूर करण्यास एक महिन्याची मुदत मागावी, आणि त्या महिन्यात खरोखर काही बदलावे. पालकांचा निश्चय कायम राहिला तर त्या बाईंसारखे एक पानाचे टिपण त्यांच्या हाती द्यावे. पाठ्यपुस्तके परत मागू नयेत. पंधरा दिवसांतून एकदा घरी जाऊन वही पाहावी, आणि पाहिल्याची तारीख वहीत घालावी. ग्रंथालय, खेळाचे मैदान, बालसभा, आरोग्य तपासणी यांची दारे त्या मुलास उघडी ठेवावी. आणि दुसऱ्या सत्राच्या मूल्यमापनास त्याला प्रेमाने बोलवावे.

पालकांनाही काही सांगावे. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरविले आहे. अर्धे वर्ष उरले असेल तर सुमारे 400 तास उरले. पण ते तास तीस मुलांत वाटले जातात. एका मुलाला समोर घेऊन मन लावून शिकवलेला दीड तास पुष्कळ होतो, मात्र तो रोज झाला पाहिजे. आरंभीचे आठ-दहा दिवस पुस्तकाची घाई करू नये. दुखावलेले मूल आधी निवू द्यावे. मग रोज ठरलेल्या वेळी मोठ्याने वाचन, एक पान लेखन, आणि घरातील व्यवहाराचे गणित करावे. दूध संस्थेच्या पावतीत दशांश अपूर्णांक आहे, रेशनच्या धान्यात गुणाकार आहे, बी-बियाण्याच्या पिशवीवर टक्केवारी आहे. प्रत्येक वहीवर तारीख असावी. संध्याकाळी मुलाने मुलांत खेळावे. आणि हे सर्व कोण करणार, हे आईवडिलांनी पहिल्याच दिवशी नाव घेऊन ठरवावे. 'चुलता शिकवील' हे उत्तर मी आता स्वीकारीत नाही.

पुढची वाटही त्यांना दाखवावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क असे तीन स्तर असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. दहावीसाठी सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसण्याची सोय तर जुनीच आहे. परंतु सर्वांत सोपी वाट आपल्या दाराशी आहे, हे अधिक ठासून सांगावे. 4 थ्या कलमाप्रमाणे परत येणाऱ्या मुलास त्याच्या वयानुरूप वर्गात घेतले पाहिजे आणि मागे राहिले असेल तर विशेष प्रशिक्षण दिले पाहिजे. 15 व्या कलमाप्रमाणे वर्ष सुरू झाल्यावरही प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी परीक्षा घेण्यास 13 व्या कलमाने मनाई आहे. फेब्रुवारीत आलेल्या मुलास 'आता जूनमध्ये ये' असे सांगण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही.

घर आणि शाळा यांच्यामधला उंबरठा ओलांडणे आपल्या व्यवसायाला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहिले, तेव्हा त्या अंगणात गेल्या, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवू लागल्या. आपल्या पिढीनेही हे केले आहे. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि लहान वर्गांची शाळा दीड वर्षाहून अधिक काळ भरली नाही. त्या काळात सारे गावच घरी शिकत होते. आपणांपैकी कितीतरी जण ओट्यावर, देवळात, झाडाखाली चार-चार मुले घेऊन बसलात. तेव्हा आपण काय पाहिले? ज्या घरात कोणी रोज वीस मिनिटे मुलापाशी बसले ते मूल तरले. आणि जेथे कोणी बसले नाही तेथे तिसरीचे मूल पहिलीची अक्षरे विसरले. घर चांगले की शाळा चांगली, या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. मुलापाशी रोज कोण बसते, एवढेच मी विचारतो.

आरंभीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळून मी हे भाषण संपवितो. "ते मूल आमचे राहिले की गेले?" दाखल्यावर सही झाली म्हणून मूल आपल्या हातून जात नाही. 1994 साली माझ्या हातून एक मूल गेले ते त्या सहीने नव्हे. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत गेले, त्याची पाटी फळीवर वाट पाहत असताना.

आपणांस माझी एवढीच विनंती आहे, की उद्या शाळेत गेल्यावर गेल्या दोन वर्षांची सर्वसाधारण नोंदवही काढावी. वर्षाच्या मध्यावर कमी झालेली नावे वाचावी. त्यांतील जी मुले दुसऱ्या शाळेत पोहोचल्याचे आपणांस नक्की ठाऊक नाही त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब करावे. आणि या आठवड्यात त्यांपैकी एका घरी जाऊन यावे. घर फार लांब नसते. पुढील परिषदेत मी निरनिराळ्या शाळांतील किती टिंबे पुसली गेली हे विचारीन. आणि माझ्या स्वतःच्या वहीतील टिंबांचा हिशेबही आपणांपुढे ठेवीन.